कशाला लिहिलंस?

आरटीओत शिकाऊ परवाना काढायला गेलेल्या प्रत्येकाने एक कागद भरलेला असतो. नमुना १, शारीरिक क्षमतेची स्वयंघोषणा. तुम्हाला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, आहे का, किंवा कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपते का, भोवळ येते का, असं त्यात विचारलेलं असतं. बहुतेक जण तो प्रश्न वाचत नाहीत. जिथे फुली केलेली असते तिथे सही करून पुढच्या खिडकीकडे जातात.

माझ्या धाकट्या भावाला १९९८ मध्ये, सातवीत असताना, शाळेत प्रार्थनेच्या वेळी फिट आली. गुरुजींनी त्याच्या नाकाशी चप्पल धरली, कुणीतरी कांदा फोडून आणला. मिरजेला स्कॅन झालं तेव्हा कळलं, की मेंदूत जंताच्या अळीची एक बारीक गाठ होती. औषधं दोन वर्षं चालली, पुढच्या स्कॅनमध्ये गाठ विरघळलेली दिसली, आणि त्यानंतर आजवर त्याला एकही फिट आलेली नाही. घरात मात्र आईचा दंडक होता: ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. बारावीनंतर त्याच्या डोक्यात विमान उडवायचं आलं. पैशांचं कसं जमणार होतं कोण जाणे, पण आधी वैद्यकीय तपासणी तर करून घेऊ म्हणून तो गेला. फॉर्मवर प्रश्न होता, त्याने ‘होय’ लिहिलं. तपासणी तिथेच थांबली. बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका मुलाचे वडील त्याला हळूच म्हणाले, “कशाला लिहिलंस? कुणाला कळलं असतं?”

त्या दिवशी त्याला मिळालेला नकार बरोबर होता, असं मला आज वाटतं. औषधं थांबून जेमतेम चार वर्षं झाली होती. मला खुपतं ते वेगळंच. पुन्हा कधी यायचं, कोणते कागद आणायचे, दाद कुणाकडे मागायची, यातलं काहीच त्याला कुणी सांगितलं नाही. खोटं लिहायचा सल्ला मात्र न मागता मिळाला. वैमानिकांच्या मेंदूविकारांबद्दलची आपली व्यवस्था बाकावरचा तो सल्ला शहाणपणाचा ठरवते, आणि त्यामुळे विमानात बसणाऱ्या सगळ्यांचाच धोका वाढतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीची जी चौकट उभी राहिली, तिच्या पहिल्या परिशिष्टात परवान्यांचे निकष आहेत. मज्जासंस्थेच्या बाबतीत उमेदवाराच्या ‘प्रस्थापित वैद्यकीय इतिहासात’ किंवा निदानात तीन गोष्टी असता कामा नयेत: विमान चालवण्यात अडथळा आणू शकेल असा मज्जासंस्थेचा आजार, अपस्मार, आणि समाधानकारक कारण न सापडलेला शुद्ध हरपण्याचा प्रसंग. आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं, हेच निकष राबवतं. प्रवासी विमान चालवणाऱ्याला क्लास वन मेडिकल लागतं, साठीच्या आत ते सर्वसाधारणपणे वर्षभर टिकतं, साठीनंतर सहा महिने. सुरुवातीची तपासणी आणि गुंतागुंतीची प्रकरणं पूर्वापार मुख्यतः हवाई दलाच्या केंद्रांकडे जात आली आहेत, त्यांत बंगळुरूची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आणि दिल्लीचं केंद्र ही मोठी नावं. वैमानिकांच्या बोलण्यात दोन शब्दांची धास्ती असते, ‘टेंपररी अनफिट’ आणि ‘पर्मनंट अनफिट’. पहिल्यात माणूस जमिनीवर येतो, दुसऱ्यात जमिनीवरच राहतो.

या कडकपणामागे एक हिशेब आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय नियमाला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. ऐंशीच्या दशकात ब्रिटन आणि युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या चर्चांतून तो रुजला. समजा, एखादा वैमानिक येत्या वर्षभरात एकाएकी असहाय होण्याची शक्यता शंभरात एक आहे. वर्षाचे तास ८,७६०, ढोबळमानाने दहा हजार. म्हणजे कोणत्याही एका तासात तसं घडण्याची शक्यता दहा लाखांत एक. विमान जमीन सोडतं आणि जमिनीला टेकतं तो काळ खरा नाजूक, एकूण वेळेच्या साधारण दहावा हिस्सा. इथे शक्यता एक कोटीत एकवर आली. त्या नाजूक क्षणीही शेजारी दुसरा वैमानिक बसलेला असतो, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो विमान सावरतो, असं सिम्युलेटरवरच्या प्रयोगांवरून धरलं जातं. आता उरली शंभर कोटींत एक. विमानाचा एखादा भाग निकामी होऊन सर्वनाश होण्याची जेवढी शक्यता अभियंत्यांना मान्य असते, तेवढीच ही आहे. म्हणून वर्षाला एक टक्का ही रेघ. ब्रिटनने ती मानली, कॅनडाने दोन टक्क्यांवर ओढली.

मला हा हिशेब आवडतो, कारण त्यात भीती किंवा दया नाही. वैमानिक हा विमानाचाच एक भाग मानून इंजिनाला जो न्याय तोच त्याला लावला आहे. आणि याच हिशेबाने पाहिलं, तर कारण न सापडलेली पहिली फिट आलेल्या माणसाला लगेच कॉकपिटमध्ये बसवता येत नाही, हे उघड आहे. अशा माणसाला पुढच्या दोन वर्षांत दुसरी फिट येण्याचं प्रमाण अभ्यासांत २१ ते ४५ टक्क्यांपर्यंत आढळतं. एक टक्क्याच्या रेघेच्या कितीतरी पलीकडे. यात कुणाचा अपमान नाही, भेदभावही नाही.

मेंदू दगा देतो तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण जगाने पाहिलं आहे. २७ मार्च २०१२ रोजी न्यूयॉर्कहून लास व्हेगसला निघालेल्या जेटब्लूच्या विमानात कॅप्टनच असंबद्ध बोलू लागला. तो कॉकपिटमधून बाहेर आला तेव्हा सहवैमानिकाने दार आतून बंद केलं. प्रवाशांनी कॅप्टनला धरून ठेवलं, प्रवासी म्हणून बसलेला एक वैमानिक मदतीला आत गेला आणि विमान टेक्सासमधल्या अमॅरिलोला उतरलं. न्यायालयाने त्या कॅप्टनला मानसिक स्थितीच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. पुढे त्याने कंपनीवरच दावा लावला. तो झटका अपस्माराचा होता, असं त्याचं म्हणणं होतं. तो मनाचा आजार होता की मेंदूचा, हा वाद बाजूला ठेवू. त्या दिवशी विमान वाचलं ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसामुळे. आपल्या नागपूरनेही असा प्रसंग पाहिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला चाललेल्या बिमान बांगलादेशच्या विमानाच्या कॅप्टनला वाटेत हृदयविकाराचा झटका आला आणि सहवैमानिकाने विमान नागपूरला सुखरूप उतरवलं. कॅप्टनचा काही दिवसांनी नागपुरातच मृत्यू झाला. खर्च वाचवण्यासाठी प्रवासाच्या मधल्या टप्प्यात कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवावा, असा विचार विमान उद्योगात काही वर्षं चालू आहे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये सांगितलं, की त्यात आजच्याइतकी सुरक्षितता राहील हे पुरेसं सिद्ध होत नाही. ही सूचना कुणी पुन्हा घेऊन आलं, तर मी तिला विरोधच करीन.

इतकं मान्य केल्यावर माझी तक्रार सुरू होते. हिशेब धोक्याचा आहे, पण नियमाची भाषा इतिहासाची आहे. ‘प्रस्थापित इतिहास’ असला की झालं. धोका काळानुसार उतरत जातो. इतिहास मात्र जसाच्या तसा राहतो.

वैद्यकशास्त्र तिथे थांबलेलं नाही. अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये व्याख्या सुधारली. दहा वर्षं एकही फिट नाही आणि त्यातली शेवटची पाच वर्षं औषधाशिवाय गेली, तर अपस्मार ‘मिटला’ असं म्हणता येतं. लहानपणी येऊन मोठेपणी आपोआप थांबणारे अपस्माराचे काही प्रकार आहेत, हेही डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. युरोपच्या वैमानिक तपासणीच्या मार्गदर्शनात याची दखल आहे. बालपणीचा निरुपद्रवी प्रकार असल्याचा निःसंशय पुरावा असेल आणि औषधाशिवाय, फिटशिवाय दहाहून जास्त वर्षं गेली असतील, तर दार किलकिलं होतं. तापासारख्या, मेंदूला तात्पुरत्या झालेल्या त्रासासारख्या तात्कालिक कारणाने आलेली फिट वेगळी धरली जाते आणि मेंदूविकारतज्ज्ञ ती तपासतो. शिकागोच्या परिशिष्टातही, तज्ज्ञांचा विचारपूर्वक निष्कर्ष असेल तर एखाद्या निकषात न बसणाऱ्यालाही परवाना देता येईल, असं कलम आहेच. तेव्हा वाट अडवणारं काही आंतरराष्ट्रीय बंधन नाही.

भारताला तर हा प्रश्न युरोपपेक्षा जास्त नेटाने हाती घ्यायला हवा. माझ्या भावाला झालं ते काही दुर्मीळ नव्हे. ‘डुकराचा पट्टकृमी’ म्हणतात त्या जंताची अंडी अस्वच्छ पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, अळी रक्तातून मेंदूत पोहोचते आणि तिथे मरताना सूज येते. त्यातून फिट येते. भारतात मोठेपणी किंवा वाढत्या वयात नव्याने फिट येण्याच्या प्रमुख कारणांत हे कारण मोडतं. डुक्कर न खाणाऱ्यांना, शाकाहाऱ्यांनाही होतं, कारण दोष पाण्याचा आणि स्वच्छतेचा असतो. पुष्कळांच्या मेंदूत एकच गाठ असते, ती औषधाने वा आपोआप काही महिन्यांत विरून जाते. काहींच्या बाबतीत जागेवर चुन्याचा कण उरतो, आणि अशांना पुन्हा फिट येण्याचा धोका जास्त असतो. स्कॅनमध्ये दोन्ही वेगळे ओळखता येतात. मग ज्याच्या मेंदूत काहीच उरलेलं नाही आणि ज्याला पंधरा वर्षं काही झालेलं नाही, त्याला चुन्याचा डाग असलेल्याच्याच रांगेत का उभं करायचं? अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन त्यांचा धोका एक टक्क्याच्या रेघेखाली कधी येतो, हे सांगू शकेल असं ज्ञान लंडन किंवा ब्रसेल्समधून येणार नाही. ते बंगळुरू, चंडीगड, वेल्लोर, मुंबईच्या रुग्णालयांतल्या नोंदींतूनच यायचं आहे.

डोक्याला मार लागण्याचंही असंच. दुचाकीवरून पडलेला तरुण आपल्या प्रत्येक गल्लीत असतो. त्याला विमान चालवू द्यावं का, याचं एकच उत्तर असू शकत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रुग्णांच्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मेंदूच्या किरकोळ इजेनंतर पाच वर्षांत फिट येण्याचं प्रमाण हजारात सात होतं, गंभीर इजेनंतर शंभरात दहा. पडल्यानंतर शुद्ध किती वेळ नव्हती, मधल्या वेळेचं किती आठवत नाही, आत रक्तस्राव झाला होता का, यावर सगळं ठरतं. आणि यंत्राने दिलेल्या उत्तरावर आंधळा विश्वास ठेवण्यातही धोका आहे. ब्रिटिश हवाई दलाने १३,६५८ निरोगी उमेदवारांचे मेंदूतल्या विजेचे आलेख (ईईजी) काढले, तेव्हा ६९ जणांच्या आलेखात अपस्मारासारखे ठसे दिसले. ज्यांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेता आला, त्यांच्यापैकी एकालाच पुढे अपस्मार झाला. बाकीचे नुसत्या कागदावरच्या रेषांमुळे आजारी ठरले असते.

अर्धशिशीचं काय? डोकेदुखीच्या आधी ज्यांना डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, दृष्टीचा एक तुकडा वीसेक मिनिटं नाहीसा होतो, त्यांना उतरत्या विमानात ते झालं तर कठीण आहे. रक्त काढताना चक्कर येऊन पडणारा माणूस मात्र सहसा अगदी निरोगी असतो. दोघंही फॉर्मवरच्या एकाच प्रश्नापाशी घाम पुसत बसतात.

आता लपवण्याकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. वैमानिकाच्या मेंदूत काय चाललंय हे तपासणीच्या दिवशी फारसं कळत नाही. फिट येऊन गेलेल्या माणसाचा मेंदू दोन फिटांच्या मधल्या काळात तपासला तर पुष्कळदा अगदी साधा दिसतो. म्हणजे सगळी मदार त्या माणसाने काय सांगितलं यावर. तपासणी वर्षातून एकदा, आणि वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याच्या सचोटीवर. आंतरराष्ट्रीय नियमही म्हणतो, की आपली प्रकृती ढासळल्याचं जाणवलं तर परवानाधारकाने स्वतःहून विमान चालवू नये. या नियमाचा सगळा भार खरं बोलण्यावर आहे. आणि आपण खरं बोलण्याची किंमत किती ठेवली आहे?

व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. गोंदिया, बारामती, धुळे इथे शिकणाऱ्या मुलांना विचारा, खर्च पाऊण-एक कोटीच्या घरात जातो. वडिलांनी शेताचा तुकडा विकलेला असतो, नाहीतर घर गहाण टाकलेलं असतं. अशा मुलाला पंचविसाव्या वर्षी, एका पहाटे, हाताला दोन मिनिटं मुंग्या आल्या आणि शब्द सुचेनासे झाले, तर तो डॉक्टरकडे जाईल? तो दुखणं अंगावर काढील. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं आपण म्हणतो, इथे मूठ कोटीची आहे. डॉक्टरकडे गेलाच तर दुसऱ्या गावात, रोख पैसे देऊन जाईल, नाव सांगताना अडखळेल. त्याला अर्धशिशी असेल तर ती साध्या औषधाने आटोक्यात आली असती. मेंदूत गाठ असेल तर वेळेत सापडली असती. भीतीने त्याचे उपचारही जातात आणि आपल्या सगळ्यांची सुरक्षितताही.

लपवण्याचा शेवट काय होऊ शकतो, ते ग्लासगोच्या लोकांना विचारा. २२ डिसेंबर २०१४ ला, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, कचऱ्याच्या ट्रकचा चालक बेशुद्ध झाला आणि ट्रकखाली सहा माणसं गेली. चौकशीत निघालं, की २०१० मध्ये तो बसच्या स्टेअरिंगवर बसलेला असताना असाच बेशुद्ध झाला होता, आणि नोकरी टिकवताना, परवाना मिळवताना त्याने ते लपवलं होतं. त्याने खरं सांगितलं असतं तर हे टळू शकलं असतं, असं चौकशीचं म्हणणं पडलं. तीनच महिन्यांनी, २४ मार्च २०१५ ला, जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्समध्ये विमान मुद्दाम आदळवलं आणि १५० जण गेले. त्याचा आजार मनाचा होता, त्याचा अपस्माराशी काही संबंध नाही, आणि या दोन्ही गोष्टी एका पिशवीत घालणं रुग्णांवर अन्याय करणारं आहे. पण फ्रेंच तपास संस्थेच्या अहवालातला एक भाग आपल्या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे. तो अनेक डॉक्टरांना भेटला होता, त्यातल्या कुणी कंपनीला वा नियामकाला कळवलं नाही. प्रशिक्षणाचं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं, परवाना गेला तर उत्पन्नाची भरपाई करील असा पुरेसा विमा नव्हता. म्हणूनच तपास संस्थेने गोपनीयतेच्या नियमांबरोबर परवाना गमावणाऱ्याच्या आर्थिक आधाराचीही शिफारस केली, आणि सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार देण्याच्या व्यवस्थेचीही. इतकी माणसं दगावल्यानंतरसुद्धा त्या तज्ज्ञांना ‘आणखी कडक करा’ एवढंच म्हणावंसं वाटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे एक आकडा आला होता, त्याकडे मी उलट्या बाजूने पाहतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, २६० माणसं गेली. चार दिवसांनी, १६ जूनला, त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली, ५१ कॅप्टन आणि ६१ सहवैमानिक. नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री, पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी ही माहिती लोकसभेत दिली. अनेकांना तो आकडा काळजीचा वाटला. मला त्यात धीर दिसला. ज्या दिवशी मन थाऱ्यावर नाही, झोप झालेली नाही, त्या दिवशी ‘आज मी उडत नाही’ असं म्हणणारी एवढी माणसं आहेत. अशा माणसांच्या मागे प्रवाशांनी उभं राहायला हवं.

लपवण्याची सवय आपल्याला विमानतळावर लागलेली नाही, ती घरात लागते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार असणं लग्नाला आड येणारी बाब म्हणून १९९९ पर्यंत लिहिलेलं होतं, ते त्या वर्षी काढलं गेलं. कायद्यातून शब्द गेला. स्थळ पाहायला आलेल्यांसमोर मुलीच्या गोळ्यांचा डबा कपाटात ठेवणं मात्र अजून गेलेलं नाही. रात्री जागरण होऊन, गोळी चुकून, लग्नाच्याच दिवसांत फिट येते, आणि मग फसवणुकीचा आरोप. आजारापेक्षा लपवणं महागात पडतं, हा अनुभव कितीतरी मराठी घरांनी घेतलेला आहे. त्याच घरांतून आपले वैमानिक येतात.

कुणी म्हणेल, आमच्या जिवावर प्रयोग कशाला? उत्तर इन्सुलिनच्या गोष्टीत आहे. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरली तर मेंदू उपाशी पडतो, माणूस गोंधळतो, त्याला फिटही येऊ शकते. म्हणून अशा वैमानिकांना बहुतेक देशांत व्यावसायिक उड्डाणाची दारं बंद होती. २०१२ मध्ये ब्रिटनने एक पद्धत ठरवून दार उघडलं, आयर्लंड आणि ऑस्ट्रिया पुढे त्यात आले. उड्डाणाच्या आधी आणि दर तासाला साखर तपासायची, उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात पुन्हा, प्रत्येक आकडा नोंदवायचा, शेजारच्या वैमानिकाला माहीत असायचं, आकडा ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला तर काय करायचं तेही ठरलेलं. २०२० मध्ये ४९ वैमानिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अडतीस हजारांहून जास्त मोजण्यांपैकी सुमारे ९८ टक्के सुरक्षित पट्ट्यात होत्या, आणि साखरेमुळे एकही वैमानिक असहाय झाला नाही. अमेरिकेनेही २०१९ मध्ये आपला नियम बदलला. तिथे कुणी दया दाखवली नव्हती. मोजमाप वाढवलं, आणि मोजण्याआधी जे वैमानिक गप्प बसले असते ते नोंदीत आले.

फिटला तासातासाने मोजायचं यंत्र नाही, हे मला कळतं. म्हणून ज्याला अपस्मार आहे, जो त्यासाठी औषध घेतो, त्याने प्रवासी विमान चालवू नये, या रेघेला मी हात लावायला सांगत नाही. रेघेच्या कडेला उभ्या असलेल्यांबद्दल बोलतो आहे: बालपणी एकदा फिट आलेले, गाठ विरलेले, डोक्याला बेताचा मार लागलेले, एकदाच चक्कर येऊन पडलेले. त्यांच्यासाठी मुलकी रुग्णालयांतले मेंदूविकारतज्ज्ञ आणि हवाई वैद्यकातले तज्ज्ञ एकत्र बसतील असं मंडळ असावं. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं, आणि पुन्हा केव्हा, काय घेऊन यायचं हेही त्यात असावं. नावं गाळून असे निर्णय प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे धुळ्याच्या मुलाला आणि त्याच्या डॉक्टरला आधीच अंदाज येईल. लक्षण स्वतःहून सांगणाऱ्याचा पगार तपास पूर्ण होईपर्यंत चालू राहावा, आणि परवाना कायमचा गेला तर त्याच्या प्रशिक्षणाच्या कर्जाचा भार विम्याने उचलावा. हा विमा कंपनीच्या मर्जीवर न ठेवता उड्डाण शिकायला लागतानाच सक्तीचा करावा. तिकिटामागे किती पैसे पडतील? त्या बाकावरच्या सल्ल्याची किंमत त्याहून फार मोठी आहे. हेच सगळं विमानांना वाट दाखवणाऱ्या नियंत्रकांनाही लागू व्हावं. त्यांचा मेंदू एका वेळी एकापेक्षा जास्त विमानं सांभाळत असतो.

आणि झोप. मेंदूविकाराच्या प्रयोगशाळेत आलेखात काही दडलेलं बाहेर यावं म्हणून रुग्णाला मुद्दाम रात्रभर जागं ठेवतात, इतकं जागरण मेंदूला भडकवतं. ज्याला कधी काही झालेलं नाही अशा माणसालाही सलग जागरणाने धोका असतो. आपल्या देशात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, ते टप्प्याटप्प्याने २०२५ मध्ये लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर अडकले, आणि वैमानिकांच्या कामाच्या वेळांबाबतच्या काही तरतुदींतून त्या कंपनीला तात्पुरती सूट दिली गेली. सातवीतल्या मुलाच्या मेंदूत १९९८ साली काय झालं होतं याबद्दल इतकी काटेकोर असलेली व्यवस्था, आज रात्री विमान चालवणाऱ्याच्या मेंदूच्या विश्रांतीबद्दल इतक्या लवकर मऊ पडते, याचा मला राग येतो. तोच हिशेब इथे कुणी मांडला का? शंभर कोटींत एक ही शक्यता, दोघंही वैमानिक पेंगुळलेले असतील तर कितीवर येते?

माझा भाऊ आता अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. त्याची मुलगी नववीत आहे. दीड वर्षाची असताना तापात तिला एकदा फिट आली होती, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते तशी, आणि नंतर कधीच नाही. गेल्या दिवाळीत ती सहज म्हणाली, की तिला पायलट व्हायचंय. रात्री सगळे झोपल्यावर भावाने मला विचारलं, “फॉर्मवर काय लिहायचं रे?” आई आत जागीच होती, तिनेही ते ऐकलं असणार. मी म्हटलं, लिहायचं. दुसऱ्या दिवशी आईनेच माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. रुग्णालयाचं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड तिने तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवलं होतं.